ज्यांनी घर सोडलं, त्यांचा म्हाळ घालायचा का?

पत्र

मी ४३ वर्षांचा आहे, चिंचवडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आम्ही मूळचे मिरजेचे. मी नऊ वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. पुढे कळलं की हुबळीला त्यांनी दुसरा संसार थाटलाय. परत कधी आले नाहीत, पैसे पाठवले नाहीत. बहिणीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, तीही परत आली. वडिलांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या पेन्शनवर आम्ही दोघं शिकलो. मी बारावीत असताना ते वारले. त्यांचं सगळं काकांनी केलं.

या चैत्रात काकांना कुणाकडून तरी समजलं, की दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात वडील गेले. लिव्हरचा आजार होता. नेमका दिवस कुणालाच सांगता येत नाही. दिवसकार्य तिकडच्या लोकांनी केलं असं ऐकतो.

आई सत्तरीची आहे. ती एवढंच म्हणाली, "या वर्षी पक्षात त्यांचा म्हाळ घाल." म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. मला ते जमेल असं वाटत नाही. ज्या माणसाने आम्हाला कधी पाणी विचारलं नाही, त्याला मी पाणी द्यायचं? बहीण म्हणते, तू हे केलंस तर मी तुझ्या घरी पाऊल टाकणार नाही. त्यात आत्याने एका ज्योतिषाला विचारलं. तो म्हणाला, बहिणीचे दोन गर्भपात पितृदोषामुळे झालेत, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा. खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प झालो. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. तो विचारतो, "मला अजून एक आजोबा होते का?" मी काय करू?

उत्तर

आत्यांनी आणलेली गोष्ट आधी बाजूला काढू. ती मधे असेपर्यंत बाकी कशाचाच नीट विचार होणार नाही.

नारायणबळी हा विधी दुर्मरणासाठी सांगितलाय. अपघात, आत्महत्या, बुडून किंवा साप चावून आलेला मृत्यू, अशांसाठी. नागबळी आहे तो नाग मारल्याच्या दोषासाठी. त्र्यंबकेश्वरला हे दोन्ही जोडून तीन दिवस चालतात. तुमचे वडील आजारपणात गेले आणि त्यांचे दिवसही झाले असं तुम्ही लिहिता. म्हणजे ज्या शास्त्राचं नाव घेऊन तुम्हाला हे सांगितलं गेलं, त्या शास्त्राच्या हिशेबातही तुमचं प्रकरण बसत नाही. तिथे जाऊ नका, पैसे भरू नका.

बहिणीचं दुःख खरं आहे, आणि त्याला डॉक्टर हवा. दोन गर्भपातांनंतर नवराबायको दोघांच्याही तपासण्या करतात. थायरॉइड, साखर, रक्त गोठण्याशी संबंधित चाचण्या, गर्भाशयाची सोनोग्राफी, गरज वाटली तर दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी. हे झालंय का, एवढं तिला विचारा. पितृदोषाचा शब्द तिच्या कानावर गेला नसेल तर जाऊ देऊ नका. गेला असेल तर तुम्ही तिचे भाऊ म्हणून स्पष्ट सांगा की यात तिचा, तिच्या माहेरचा किंवा कुठल्या मेलेल्या माणसाचा काही संबंध नाही. ज्या बापाने जिवंतपणी तिला जवळ घेतलं नाही, त्याने मेल्यावर तिचं मूल हिरावलं, असं एखाद्या बाईला सांगणं फार क्रूर आहे. आत्यांना हे वाक्य माझ्या नावावर ऐकवलंत तरी चालेल.

आता तुमचा प्रश्न.

तुम्ही "पाणी द्यायचं?" असं विचारलंत, म्हणून ते पाणी देताना काय म्हणतात ते सांगते. तर्पणाला बसणारा दक्षिणेकडे तोंड करतो, जानवं असेल तर उजव्या खांद्यावर घेतो, ओंजळीत काळे तीळ घेतो आणि अंगठा व तर्जनीच्या मधून पाणी सोडतो. त्या वेळी तो नातं सांगतो, नाव सांगतो, गोत्र सांगतो, वडिलांना वसुरूप, म्हणजे वसु नावाच्या देवांचं रूप, म्हणतो आणि तर्पण करतो असं म्हणतो. तीनदा. बस. माणूस कसा होता हे त्यात कुठेही येत नाही. प्रेमळ होते, कर्तव्यदक्ष होते, आमच्यावर त्यांचे उपकार आहेत, यातलं काही तुमच्या तोंडून वदवून घेतलं जात नाही. मी त्यांना क्षमा केली असंही म्हणावं लागत नाही. हे माझे वडील होते, त्यांचं नाव हे होतं आणि ते आता नाहीत, इतकंच. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. राग मनात ठेवून तुम्ही त्या म्हणालात तरी खोटं बोलल्यासारखं होणार नाही.

मला वाटतं तुमची अडचण इथेच आहे. श्राद्ध घातलं म्हणजे त्या माणसाला चांगलं म्हटलं, मधली सगळी वर्षं पुसली, असं तुम्हाला वाटतंय. बहिणीलाही तेच वाटत असणार. पेपरात छापून येणाऱ्या श्रद्धांजलीत तसं असतं, तिथे सगळेच प्रेमळ आणि मनमिळाऊ असतात. तर्पणात तसं नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या आजोबांची. ती तुम्हाला बहुतेक कुणी सांगितली नसेल.

म्हाळात वडिलांचं पान एकट्याचं नसतं. वडील, आजोबा, पणजोबा अशी तिघांची रांग असते. मग आई हयात नसेल तर आई, आजी, पणजी. मग आईच्या बाजूचे आजोबा, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा. त्यानंतर काका, मामा, आत्या, मावश्या, सासरे, गुरू, मित्र, अशी ओळखीतल्या गेलेल्या माणसांची नावं. आणि ज्याचे वडील हयात आहेत त्याने आपल्या आजोबांचं श्राद्ध करायचं नाही, असा रिवाज आहे. अशा माणसाला जीवत्पितृक म्हणतात. तुमचे आजोबा गेले तेव्हा तुम्ही बारावीत होता, वडील हुबळीत जिवंत होते. म्हणून तुम्ही लांब उभे राहिलात आणि काकांनी सगळं केलं. ज्या माणसाने पेन्शनमधून तुमची फी भरली, त्याच्या नावाने इतकी वर्षं तुम्हाला ओंजळभर पाणी सोडता आलं नाही, तेही वडिलांमुळेच.

आता येतं. त्या रांगेत वडिलांचं नाव पहिलं आहे आणि लगेच त्याच्या पुढचं नाव आजोबांचं आहे. ही रांग वडिलांना गाळून म्हणता येत नाही, कारण तुमचा आणि आजोबांचा दुवा तेच आहेत. तुम्हाला ते आवडो न आवडो, आजोबा तुम्हाला मिळाले ते त्यांच्याकडून. म्हणून मी तुम्हाला सुचवीन, की आईने जरी "त्यांचा म्हाळ" म्हटलं असलं, तरी तुम्ही आजोबांच्या ओढीने पाटावर बसा. वडिलांचं नाव घ्या, पुढे जा. आजोबांचं नाव येईल तेव्हा हवं तितकं थांबा. गुरुजींना घाई असली तरी थांबा. मिरजेतल्या आजोबांच्या त्या पेन्शनीचं ऋण तुमच्या पत्राच्या एकाच ओळीत आलंय, पण पूर्ण पत्रात ऊब आहे ती त्याच ओळीत.

आईबद्दल तुमच्या पत्रात तिचं एकच वाक्य आहे. हे तिने का सांगितलं, ते तुम्ही तिला विचारलंत का? पत्रावरून तरी विचारलेलं दिसत नाही. चौतीस वर्षं ती धड सवाष्ण नव्हती आणि विधवाही नव्हती. हळदीकुंकवाला तिला कोण बोलवत होतं, कोण टाळत होतं, चारचौघांत नवऱ्याचा विषय निघाला की ती काय सांगत होती, हे तुम्हाला मूल म्हणून दिसलं नसेल, दिसलं असलं तरी कळलं नसेल. आता तिला हे एकदाचं संपवायचं असेल. किंवा नातवाला काही होऊ नये अशी धास्ती असेल. किंवा तिला त्या माणसाची अजूनही माया असेल, हेही शक्य आहे, आणि तसं निघालं तर कृपा करून रागावू नका. तिचा नवरा आणि तुमचा बाप ही दोन वेगळी नाती आहेत. तिच्याजवळ बसा, मुलाला आणि बायकोला घटकाभर बाहेर पाठवा आणि विचारा. भीती असेल तर ती दूर करायला लागेल, नुसता म्हाळ घालून ती जाणार नाही. बाकी काही असेल तर तुम्ही ऐकून घेतलंत यानेच तिचं अर्धं काम होईल.

यानंतरही तुम्हाला बसवत नसेल, तर बसू नका. मनाविरुद्ध, दात आवळून केलेलं आईलाही कळेल. अशा वेळी तिला करू द्या. श्राद्ध करण्याचा अधिकार कुणाला याचा जो क्रम आपल्या ग्रंथांनी दिलाय, त्यात मुलगा, नातू, पणतू यांच्यामागे पत्नी येते, पुढे मुलगीही येते. मुलगा असताना बायकोने कसं करायचं, असं काही गुरुजी म्हणतील. तसं न म्हणणारे गुरुजीही पुष्कळ आहेत. पुण्यातल्या ज्ञान प्रबोधिनीचे पुरोहित, त्यांत स्त्रियाही आहेत, प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगत विधी करतात. तुमच्यासारख्या माणसाने तसं श्राद्ध एकदा नुसतं ऐकायलाही हरकत नाही. तुम्ही आईला सामान आणून द्या, पाट मांडा, आणि दुसऱ्या खोलीत बसा. घर सोडून मात्र जाऊ नका त्या दिवशी. त्या घरातून एकजण निघून गेलाय तेवढं पुरे.

तिथीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण काका विचारतील. पक्षात काही अडचण नाही, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं सर्वपित्रीला करतात. भाद्रपदातली अमावास्या, नवरात्राच्या आदल्या दिवशीची. वार्षिक श्राद्ध पुढे करायचं ठरवलंत, तर महिना माहीत आणि तिथी माहीत नाही अशा वेळी त्या महिन्याची अमावास्या धरतात, म्हणजे तुमच्या बाबतीत मार्गशीर्ष अमावास्या. यापुढचाही एक नियम आहे. कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये काशीत लिहिलेल्या निर्णयसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात तो सापडतो: माणूस गेल्याचा महिना आणि दिवस दोन्ही कळले नाहीत, तर तो घरातून निघाला तो महिना आणि तो दिवस धरावा. तुम्हाला याची गरज नाही, महिना तुम्हाला माहीत आहे. तरी मुद्दाम सांगते, कारण घर सोडून गेलेले, परत न आलेले, कुठे मेले ते न कळलेले लोक आणि त्यांच्यामागे राहिलेली घरं या ग्रंथकारांना ठाऊक होती. तुमच्या घरातली गोष्ट लाज वाटावी अशी एकट्याची नाही, तिच्यासाठी चारशे वर्षांपूर्वी नियम लिहून ठेवावा लागला होता.

तिकडे दिवसकार्य कुणी केलं, बाराव्याचं सपिंडीकरण झालं का, हे काकांमार्फत विचारून घ्या. म्हाळात वडिलांना आजोबा-पणजोबांच्या रांगेत घेतात ते सपिंडी झाल्यावर, म्हणून गुरुजी हे विचारतीलच. हुबळीच्या घरात मुलगा असेल आणि तो दरवर्षी करत असेल, तर मी कशाला, असंही तुमच्या मनात येईल. वेगळ्या राहणाऱ्या भावांनी वार्षिक आपापलं करायचं असतं, त्याने केलं म्हणून तुमचं झालं असं होत नाही. त्या मुलाशी बोलावं की नाही, हे इथे ठरवायची गरज नाही. त्याचा यात काही अपराध नाही एवढं मनाशी असू द्या.

खर्चाचं सांगते. आईच्या मनात पाच ब्राह्मण, सोवळ्यातला स्वयंपाक, नातेवाइकांची पंगत असं असेल, कारण तिने आजोबांच्या वेळचं पाहिलंय. मनुस्मृतीतच म्हटलंय, की श्राद्धाला देवांकडे दोन आणि पितरांकडे तीन, नाहीतर दोन्हीकडे एकेक ब्राह्मण पुरे, ऐपत असली तरी पसारा वाढवू नये, पसाऱ्याने आदरातिथ्य, शुचिता सगळंच बिघडतं. एक गुरुजी बोलवा. तेही जमत नसेल तर आमान्न द्या, म्हणजे शिधा: तांदूळ, डाळ, गूळ, तूप, भाजी आणि दक्षिणा. विष्णुपुराणात और्व ऋषी सगर राजाला श्राद्धाचं सांगताना एकेक पायरी खाली उतरत जातात. अन्न नसेल तर कच्चं धान्य द्यावं, ते नसेल तर चिमूटभर तीळ, तेही नसतील तर सात-आठ तीळ पाण्यात घालून ती ओंजळ द्यावी, तीही शक्य नसेल तर गाईला दिवसाचा चारा घालावा. आणि यातलं काहीच नसेल तर रानात जाऊन दोन्ही हात वर करावेत आणि सांगावं, माझ्याकडे धन नाही, श्राद्धाला लागेल असं काही नाही, मी पितरांना नमस्कार करतो, माझ्या भक्तीने ते तृप्त होवोत. ज्या परंपरेने रिकाम्या हातांचं श्राद्धही चालवून घेतलं, तिच्या नावाने कुणी तुमच्याकडे हजारो रुपये मागितले, तर नाही म्हणताना जड वाटून घेऊ नका.

स्वयंपाक आईला करायचा असेल तर करू द्या, तिच्या हाताखाली मात्र तुम्ही राहा, सगळं बायकोवर टाकू नका. तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळूची भाजी, गवार, भोपळा, कढी, असं तुमच्याकडे जे चालत आलं असेल ते. एखादा पदार्थ त्यांच्या आवडीचा म्हणून ती करेल आणि तो पदार्थ तुमच्याही आवडीचा निघेल. त्या वेळी तोंड फिरवू नका. आजोबांना काय आवडायचं तेही तिला विचारा आणि तेही पानात असू द्या.

कावळ्याचा घास गच्चीत किंवा गॅलरीत ठेवाल. कावळा आला नाही तर आत्या किंवा आणखी कुणी त्याचा अर्थ लावायला बसतील: मन अडकलंय, बायकोमुलांची माफी मागायचीय, वगैरे. बसू देऊ नका. थोडा वेळ वाट पाहा, नाही आला तर घास गाईला घाला.

बहिणीला या दिवशी बोलावू नका, आणि तिच्यापासून लपवूही नका. आधी फोन करून सांगा की आईसाठी आणि आजोबांसाठी मी हे करतोय, तुला यायचं नाही हे मला समजतं, तुझा राग बरोबर आहे. "बरोबर आहे" हे शब्द गाळू नका. ती तुमच्याहून लहान होती, वडील गेले तेव्हा तिला त्यांचा चेहराही आठवत नसेल. तुमच्याकडे निदान नऊ वर्षांचं काहीतरी आहे. ज्याची आठवणच नाही अशा माणसासाठी हात जोडायला तिला कुणीही सांगू नये, आईनेही नाही. काही महिने ती अबोला धरेल. धरू द्या. त्या काळात तिच्या तपासण्यांसाठी तुम्ही बरोबर गेलात, तर ते जास्त महत्त्वाचं आहे.

आणि मुलगा. त्याला हो म्हणा. "हो, तुला आणखी एक आजोबा होते. मी तुझ्याएवढा असताना ते आम्हाला सोडून दुसरीकडे राहायला गेले. मला त्याचं खूप वाईट वाटलं. आता ते वारले." दहा वर्षांच्या मुलाला इतकं समजतं. तो विचारेल, का गेले? मला माहीत नाही, असं सांगा, कारण तुम्हाला खरंच माहीत नाही. तो हेही विचारेल, तुम्ही जाणार का? हा प्रश्न त्याने तोंडाने नाही विचारला तरी मनात असेल, म्हणून त्याने विचारायची वाट न पाहता सांगून टाका की मी कुठेही जाणार नाही. त्याला श्राद्धाला बसवायचं कारण नाही, पण तिथे वावरू द्या. पणजोबांची गोष्ट त्याला त्या दिवशी सांगा, ते शाळेत काय शिकवायचे, तुम्हाला कसे ओरडायचे, सगळं.

शेवटी तर्पणातल्या एका श्लोकाबद्दल. नावं घेऊन झाल्यावर तो म्हणतात. जे माझे बांधव आहेत, जे बांधव नाहीत, जे दुसऱ्या कुठल्या जन्मात बांधव होते, ते सगळे या पाण्याने तृप्त होवोत, असा त्याचा भाव आहे. वडिलांचं नाव "पिता" म्हणून उच्चारताना तुमचा घसा दाटला, शब्द फुटलाच नाही, तर गुरुजींना खूण करा आणि पुढे जा. या श्लोकात बांधव नसलेल्यांनाही जागा आहे, तुमच्या वडिलांनाही तिथे जागा मिळेल. पुढच्या वर्षी नाव घेता आलं तर घ्या.

काकांना फोन याच आठवड्यात करा, नावं आणि गोत्र कागदावर लिहून घ्या, पणजोबांचं नाव तुम्हाला बहुधा ठाऊक नसेल, आईच्या वडिलांचं आणि आजोबांचं आईकडून घ्या. गुरुजींनाही आत्ताच सांगून ठेवा. सर्वपित्रीला त्यांच्याकडे सकाळपासून रीघ असते आणि श्राद्धाची वेळ दुपारची, त्यामुळे आयत्या वेळी कुणी मिळत नाही.